डाव्या हाताचा चाकू

१४ नोव्हेंबरला दुपारी माझ्या डाव्या तर्जनीला दोन टाके पडले, आणि ३ जुलैला मनासारखा चाकू हातात आला. मधल्या साडेसात महिन्यांत मी घडीचा एक चाकू विकत घेतला, बास. पण तेवढ्यासाठी जे वाचलं, विचारलं, चुकले आणि जे अर्ज खरडले, ते कुणी आधी लिहून ठेवलं असतं तर माझे निदान चार महिने वाचले असते. म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकं खोक्यांतून येतात. एरवी दिवसाला आठ-दहा खोकी, नव्या खरेदीच्या आठवड्यात चाळीसही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चिकटपट्टी, सुतळी, फिल्म, सगळं कापायचं ते मीच. "मग कटर का नाही वापरत?" हे मला साधारण साठ जणांनी विचारलं असेल. कटरचं पातं जास्त बाहेर आलं की वरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ओरखडा उठतो, आणि मोडून टाकलेला पात्याचा तुकडा एकदा बालविभागाच्या खोक्यात सापडला होता. ही दोन कारणं खरी आहेत. तिसरं कारण असं, की मला चांगला चाकू हवा होता. तेही खरंच आहे.

त्या दुपारी पट्टी कापून झाली आणि पातं खाली पुठ्ठ्यात रुतलं. ते उपसायला मी मूठ जरा पिळून वर ओढली आणि पातं मिटलं, ते थेट बोटावर. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "लॉक नव्हतं का चाकूला?" होतं. मोडलं नव्हतं आणि झिजलंही नव्हतं.

घरी येऊन उजव्या हाताने सावकाश उघडझाप करून पाहिली तेव्हा उलगडा झाला. तो लायनर लॉकचा चाकू होता. त्यात मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. मिटवायचं असेल तेव्हा अंगठ्याने तिला बाजूला ढकलायचं, आणि अंगठा पोचावा म्हणून मुठीला एका बाजूने खाच ठेवलेली असते. उजव्या हातात त्या खाचेपाशी अंगठा येतो. डाव्या हातात तिथे तर्जनीचं बूड येतं, आणि मूठ आवळून पिळली की तिथलं मांस खाचेत शिरून पट्टी ढकलतं. म्हणजे चाकू मिटवायची कृती मी तीन वर्षं दर वेळी नकळत अर्धी करतच होते.

मी डावखुरी आहे. कात्रीपासून माउसपर्यंत उजव्यांच्या वस्तू वापरायची इतकी सवय झालेली असते की एखादी वस्तू आपल्यासाठी केलेलीच नाही हे लक्षातही येत नाही. इथे लक्षात आलं ते टाके पडल्यावर.

आता हे समजल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? डाव्या हाताला चालणारी लॉक कोणती ते शोधलं असतं. मी स्टीलबद्दल वाचायला लागले.

नोव्हेंबरचा उरलेला पंधरवडा आणि पूर्ण डिसेंबर त्यात गेला. महाग घडीच्या चाकूंबद्दल कुठेही वाचायला जा, आधी स्टीलच भेटतं, आणि ते खरोखर गोडीचं प्रकरण आहे. साध्या स्टीलमध्ये कठीण कण, म्हणजे कार्बाइड, कुठे मोठे तर कुठे गोळा झालेले असतात. भुकटीपासून केलेल्या स्टीलमध्ये वितळलेल्या रसाचा वायूच्या झोताने फवारा करून आधी पूड करतात आणि मग ती प्रचंड दाबाखाली तापवून एकसंध करतात. त्यामुळे कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले राहतात. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीचं एस३०व्ही हे २००१ साली आलेलं स्टील खास चाकूंसाठी बनवलेलं. त्यात व्हॅनेडियम साधारण ४ टक्के. ऑस्ट्रियाच्या बोलर कंपनीचं एम३९० आणखी वरच्या पट्टीतलं, त्यात क्रोमियमच २० टक्के. आणि मग २०२१ साली आलेलं मॅग्नाकट. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते रचलं. त्याची युक्ती मला फार आवडली. गंजू नये म्हणून क्रोमियम घालायचं हे सगळेच करतात, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जुळून मोठे कण बनवतं. ते कण स्टीलला ठिसूळ करतात आणि गंज रोखायला तेवढं क्रोमियम उरत नाही. याने क्रोमियम ११ टक्क्यांच्याही खाली आणलं आणि प्रमाणं अशी बसवली की ते कार्बाइडमध्ये अडकूच नये. कण उरतात ते व्हॅनेडियम आणि नायोबियमचे, बारीक आणि जास्त कठीण.

३१ डिसेंबरपर्यंत माझ्या तक्त्यात ४१ चाकू झाले होते. स्टील, रॉकवेल कडकपणा (स्टील किती कठीण ते सांगणारा आकडा), पात्याची लांबी, वजन, किंमत. डावा-उजवा असा रकाना त्यात नव्हता. तेव्हा ते मला विचित्रही वाटलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी वडिलांच्या ओळखीच्या एका काकांकडे तो तक्ता घेऊन गेले. काकांची उभी हयात टूलरूममध्ये गेलेली, आता निवृत्त. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तक्ता वरून खाली पाहिला.

"यात जाडी कुठाय?"

"आहे की काका. हा बघा रकाना. ३ मिलिमीटर, साडेतीन..."

"ही पाठीची गं. मी धारेची विचारतोय."

धारेला जाडी असते हेच मला ठाऊक नव्हतं. काकांनी व्हर्नियर काढलं. पात्याच्या शेवटी धार लावलेला जो तिरका काठ असतो, त्याच्या अगदी वरची जाडी मोजायची. माझा टाक्यांवाला चाकू तिथे ०.९ मिलिमीटर भरला. शेजाऱ्यांकडून मागून आणलेला एक महागडा चाकू ०.७. काकांचा स्वतःचा घासून घासून अर्धा झालेला बिननावाचा चाकू ०.३. मग एकाच खोक्याचा पुठ्ठा तिन्ही चाकूंनी कापून पाहिला. महागड्याला जोर लावावा लागत होता, पुठ्ठा फाकवत जावं लागत होतं. काकांचा आवाज न करता सरकत गेला.

"तो तुझा तक्त्यातला राजा आहे ना," काका महागड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याची धार माझ्यापेक्षा पाचपट टिकेल. पण पाचपट वेळ तू पाचर ठोकत बसशील."

हे पूर्ण सत्य नाही हे मला आता कळतं. पातळ धार कडक वस्तूवर, खिळ्यावर वगैरे, लवकर दुमडते किंवा तिचे टवके उडतात. ज्याला लाकूड तासायचं आहे त्याने ०.३च्या मागे लागू नये. पण पुठ्ठा, कागद, दोरी यांना ०.४ ते ०.५ उत्तम, असं मला नंतर वापरूनही दिसलं. अडचण एवढीच की हा आकडा बनवणारे बहुधा छापतच नाहीत. विचारावा लागतो, किंवा ज्याच्याकडे तो चाकू आहे त्याच्याकडून मोजून घ्यावा लागतो. मी दोन ठिकाणी पत्र पाठवून विचारलं. एकीकडून चार दिवसांत उत्तर आलं, दुसरीकडून अजून यायचं आहे.

निघताना काकांनी आणखी एक सांगितलं. कडकपणाचा आकडा नुसता स्टीलच्या नावावर ठरत नाही, ते तापवलं आणि थंड केलं कसं यावर ठरतो. तेच स्टील एकाकडे ५९ भरतं आणि दुसऱ्याकडे ६३. तक्ता मी फाडला नाही, पण ४१ ओळींच्या १२ झाल्या.

जानेवारीचा उत्तरार्ध कागदपत्रांत गेला. हा भाग कंटाळवाणा आहे, तरी गाळू नका.

चाकू विकत घेता येणं आणि तो खिशात घेऊन फिरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येक देशाचं गणित वेगळं. ब्रिटनमध्ये धार ३ इंचांपर्यंत असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू काही कारण न देता बाळगता येतो. पातं अडकून बसणारा असेल तर मात्र सबळ कारण लागतं. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय बाळगायला २००८ पासून मनाई आहे. म्हणजे महाग चाकूंची जाहिरात ज्या दोन गुणांवर चालते, नेमके तेच दोन गुण तिथे अडचणीचे. तुमच्या गावचा आणि कामाच्या जागेचा नियम आधी वाचा, स्टील नंतर. विमानात तो हातातल्या बॅगेत न्यायचा नाही, हेही आत्ताच मनावर कोरून ठेवा.

माझ्या बाबतीत कायद्याचा प्रश्न नव्हता, प्रश्न इमारतीचा होता. ग्रंथालयात लोक येतात, मुलं येतात. ग्रंथपाल मॅडमना तोंडी विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, आत्तापर्यंत वापरतच होतात की." मी म्हटलं, तेव्हा टाके पडले नव्हते. मग त्यांनीच लेखी अर्ज द्यायला सांगितलं. पहिला अर्ज परत आला कारण त्यात पात्याची लांबी नव्हती. दुसरा परत आला कारण "चाकू" या शब्दाऐवजी "खोकी उघडण्याचे साधन" लिहावं असं वरच्या कार्यालयाचं मत पडलं. तिसरा १९ दिवसांनी मंजूर झाला. अटी चार होत्या. पातं ३ इंचांच्या आत, वापर फक्त आतल्या खोलीत, वाचकांसमोर उघडायचा नाही आणि रात्री कपाटात कुलूपबंद ठेवायचा. ही परवानगी आधी घेतली याचा फायदा असा झाला की १२ ओळींतल्या पाच ३ इंचांपाशीच गळाल्या.

आता उरले सात. फेब्रुवारीत ओळखीतून एका संग्राहकाकडे जायला मिळालं. त्यांनी टेबलावर हिरवं कापड अंथरून एकेक चाकू ठेवला आणि म्हणाले, "हातात घ्या, बोलू नका, पाच मिनिटांनी सांगा."

त्या एका दुपारी जे कळलं ते दोन महिन्यांच्या वाचनात कळलं नव्हतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिला होता मागच्या लॉकचा, ज्यात मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते. तो दोन्ही हातांना सारखा. भक्कम, साधा. पण एका हाताने मिटवताना अंगठा पाठीवर आणि पातं खाली पडणार, त्यामुळे बोटं कुठे आहेत याचा हिशेब ठेवावा लागतो. माझ्या ताज्या व्रणाने तो हिशेब नाकारला.

दुसरा स्पायडर्को कंपनीचा, पात्याला गोल भोक असलेला. अंगठा त्या भोकात टेकवून पातं उघडायचं. १९८१ साली त्या कंपनीच्या सॅल ग्लेसर यांनी ही कल्पना आणली, आणि खिशाला अडकवायची क्लिपही त्याच चाकूवर होती. भोक कुठल्याही अंगठ्याला आपलं मानतं, हे मला फार भावलं. पण समोर होता त्याचं पाठीकडचं लॉक पहिल्यापेक्षा वेगळं, उजव्या बोटांसाठी होतं. या जातीचे डावखुरे चाकूही अधूनमधून निघतात, असं संग्राहक म्हणाले. मिळाले तर.

तिसरा आडव्या दांडीच्या लॉकचा. मुठीला आरपार जाणारी एक छोटी पोलादी दांडी, दोन्ही बाजूंना तारेच्या बारीक स्प्रिंगा. दांडी मागे ओढली की पातं सुटतं. कुठल्याही बाजूने ओढा, कुठल्याही हाताने. आणि मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येतच नाही. बेंचमेड कंपनीने १९९८ साली ॲक्सिस या नावाने हे आणलं, आता तसली लॉक बरेच जण करतात. पाच मिनिटांनी मी म्हटलं, "हाच." संग्राहक हसले, "अजून दोन आहेत."

चौथा एक भारी दिसणारा, बेअरिंगवर फिरणारा, नुसत्या झटक्याने टपकन उघडणारा. उघडझाप करायला मजा. मी अकरा वेळा उघडला आणि बाजूला ठेवला. कागदाची धूळ बेअरिंगमध्ये जाणार हे मला दिसत होतं.

पाचवा फ्रेम लॉकचा. यात वेगळी पट्टी नसते. टायटेनियमच्या मुठीची एक बाजूच कापून तिचा पट्टा केलेला असतो आणि तो पात्यामागे जाऊन टेकतो. हे लॉक चाकू बनवणाऱ्या क्रिस रीव्ह यांचं, आणि ज्या चाकूमुळे ते गाजलं त्याचं नाव सेबेन्झा. झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. हातात घेतला तर अंगठा पट्ट्याच्या चुकीच्या बाजूला. अर्थात उजवा. खाली ठेवणार तेवढ्यात संग्राहक म्हणाले, "हा डावा पण बनतो. पूर्ण आरशातला. माझ्याकडे नाही."

त्या वाक्याने माझी झोप उडवली.

शहाणपणाचा निर्णय आडव्या दांडीचा होता, हे मी आजही म्हणेन. किंमत जवळपास निम्मी, दोन्ही हातांना चालणारा, लगेच मिळणारा. कुणी डावखुऱ्याने मला विचारलं तर मी आधी तोच सुचवते. मी तो घेतला नाही, त्याची दोन कारणं. एक, त्याच्या बारीक स्प्रिंगा मला स्वतःला काढून साफ करायची भीती वाटली, आणि माझ्या कामात चाकू धुळीने भरणारच. सेबेन्झा सुटा करून परत जोडायचा, हे बनवणाऱ्यांनाच अभिप्रेत आहे, पाना सोबतच येतो. दुसरं कारण हिशेबात बसणारं नाही. "दोन्ही हातांना चालतो" अशा वस्तू मला आयुष्यात मिळाल्या होत्या. डाव्या हातासाठी केलेली एकही नव्हती.

तरी घाई नको म्हणून एक उद्योग केला, तो जरूर करून बघा. छापील मापांवरून जाड पुठ्ठ्याचा चाकू कापला. मिटलेली लांबी, रुंदी, जाडीसाठी थरावर थर, आणि लहान सेबेन्झाचं वजन साधारण ८५ ग्रॅम म्हणून आत नटबोल्ट कोंबले. तो आठवडाभर खिशात वागवला. तिसऱ्या दिवशी कळलं की मोठा आकार मला बसताना टोचतो आणि लहान टोचत नाही. चारही बोटं लहान मुठीवर मावत होती, माझा पंजा ७.५ सेंटिमीटर रुंद आहे. मोठ्या हाताच्या माणसाला तीनच मावतील. लहानाचं पातं ३ इंचांना अगदी जेमतेम कमी, म्हणजे मंजूर अर्जातही बसत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात किमतीची चौकशी केली आणि दोन दिवस गप्प बसले. त्या पैशांत माझ्या जुन्या चाकूसारखे वीस आले असते. घरात आईला खरा आकडा सांगितला. ती म्हणाली, "धार तरी वीसपट आहे का?" नाही, नव्हती. मी तसंच सांगितलं.

त्याच आठवड्यात निम्म्या किमतीला "अगदी नवा" सेबेन्झा विकणारा एक जण भेटला. महाग चाकूंच्या हुबेहूब नकला निघतात हे वाचलेलं होतं, पण मोह मोह असतो. मी विचारलं, डावा आहे का? हो म्हणाला. फोटो मागितला. रात्री फोटो आला. पट्टा डाव्या बाजूला, क्लिप डाव्या बाजूला, सगळं बरोबर. फक्त पात्यावरची कोरलेली अक्षरं उलटी. उजव्या चाकूचा फोटो त्याने आरशासारखा फिरवून पाठवला होता. मी खूप हसले, आणि मग जरा घाम फुटला, कारण अक्षरं न येणारी बाजू त्याने पाठवली असती तर मी पैसे भरले असते. विक्रेता बनवणाऱ्यांच्या अधिकृत यादीत आहे का, ते आधी बघा. यादी त्यांच्याकडे मागता येते.

२२ मार्चला यादीतल्या एका परदेशी विक्रेत्याकडे पैसे भरले. "डावा" हे मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं.

१४ एप्रिलला सीमाशुल्काकडून पत्र. वस्तूचं वर्णन अपुरं, बीजक हवं, वापराचं कारण हवं, पात्याची लांबी हवी. ग्रंथालयाच्या परवानगीची प्रत जोडली आणि ती इथे अनपेक्षितपणे सोन्याची ठरली. तिथल्या साहेबांनी "खोकी उघडण्याचे साधन" हे शब्द दोनदा वाचले आणि काही न बोलता सही केली. शुल्क किमतीच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त झालं. हे गणित पैसे भरण्याआधी करा, मी नंतर केलं.

२६ एप्रिलला पार्सल घरी आलं. उघडलं. उजवा चाकू.

मी खुर्चीत बसून राहिले. रडू आलं नाही, पण आलं असतं तर थांबवलं नसतं. विक्रेत्याचं म्हणणं, डाव्याचा क्रमांक वेगळा आहे, तुम्ही उजव्याचा निवडला, शेरे आम्ही वाचत नाही. क्रमांक वेगळा असतो हे खरं होतं. ते त्यांनी कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं, हेही खरं. शेवटी बदलून द्यायला तयार झाले, जायचा खर्च माझा. चाकू न वापरलेला असायला हवा, पात्याला पुठ्ठ्याचा कणही लागता कामा नये. परतीच्या अर्जासोबत सहा फोटो, मूळ बीजक, "दुरुस्तीसाठी नव्हे, अदलाबदलीसाठी" असा स्पष्ट शेरा. हा शेरा नसेल तर परत येताना पुन्हा पूर्ण शुल्क बसू शकतं, असं कुरियरच्या माणसाने आपणहून सांगितलं. त्याचे आभार. तरीही थोडं शुल्क दुसऱ्यांदा भरावंच लागलं आणि पहिल्याच्या परताव्याचा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

मे गेला. जून गेला. मी कटर वापरत होते.

३ जुलैला दुसरं पार्सल. या वेळी उघडायच्या आधी काकांना बोलावलं, जरा धीर म्हणून. डबी उघडली, चाकू उचलला, अंगठा पात्याच्या खुंटीवर गेला आणि पातं उघडलं. पट्टा डाव्या बाजूला, अंगठा पोचेल असा. मी काही बोलले नाही. काकाच म्हणाले, "अगं, मिटव तरी." मिटवला. एका हाताने, न बघता.

मग त्यांनी तपासणी सुरू केली. मिटलेलं पातं दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसतं का, ते वरून उजेडात धरून पाहायचं. उघडल्यावर टोक धरून डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहायचं, किंचितही खडखड नको. लॉकचा पट्टा पात्याच्या बुडाला पुरेसा टेकला पाहिजे, पण नव्या चाकूत पार पलीकडच्या बाजूला गेलेला नको, कारण वापराने तो हळूहळू तिकडेच सरकतो. मिटलेला चाकू टोक खाली करून हलवला तर पातं आपोआप बाहेर येता कामा नये. आणि हे सगळं कापायच्या आधी, कारण एकदा पुठ्ठा कापला की परतीचा दरवाजा बंद. धारेमागची जाडी ०.४५ भरली. काकांनी व्हर्नियर खिशात टाकलं, ही त्यांची पावती.

पहिले दोन आठवडे तो कडक वाटला. पितळासारख्या दिसणाऱ्या ब्राँझच्या वॉशरांवर पातं सावकाश फिरतं, त्या झटक्यावाल्या चाकूसारखं उडत नाही. साधारण तीनशे उघडझापींनंतर मऊ झाला. एकदा तो उघडेचना म्हणून घाबरले, तर माझीच चूक होती. मिटलेल्या चाकूवर धरणाऱ्या हाताची बोटं लॉकच्या पट्ट्यावर दाबली गेली की पट्टा पातं आतच धरून ठेवतो. आधी कधी डाव्या हातात अशी जुळणी आलीच नव्हती, त्यामुळे उजव्यांना पहिल्या दिवशी होणारी ही चूक मी चाळिशीत केली.

धारेचं म्हणाल तर आता ऑक्टोबर संपत आला आहे आणि मी तीनदा पाजवला. काकांचा जुना निसणा त्यावर नुसता घसरल्यासारखा वाटायचा. व्हॅनेडियमचे कण त्या दगडापेक्षा कठीण, म्हणून हिऱ्याचा थर दिलेली पट्टी घ्यावी लागली. तो खर्चही हिशेबात धरा. एका बाजूने १७ अंशांच्या आसपास, हलक्या हाताने, पाच-सात फेऱ्या, मग धारेवर आलेला बारीक कंगोरा चामड्याच्या पट्ट्यावर उतरवायचा. चिकटपट्टीचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. तो पात्यावरून मुठीत ओघळू देऊ नका, आतलं ग्रीस जातं.

गेल्या मंगळवारी मी सुट्टीवर होते तेव्हा नवं खोकं आलं. दुसऱ्या दिवशी गेले तर ते तसंच. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा म्हणाला, "ताई, तुमचा चाकू घेतला होता, मॅडमनी कपाट उघडून दिलं. पण चालतच नाही तो."

"उघडला का?"

"दोन्ही हातांनी उघडला. मिटेना. मग तसाच मॅडमच्या टेबलावर ठेवला."

तो उजवा आहे. मी त्याला चाकू हातात दिला आणि पट्टा कुठे आहे ते दाखवलं. त्याने अंगठा इकडून घालून पाहिला, तिकडून घालून पाहिला, मनगट वळवलं, आणि शेवटी मूठ माझ्याकडे करून चाकू उघडाच परत दिला.